छोट्या विज्ञान दालनासाठी हाताळायची नवी उपकरणं : मापं, सुटे भाग, काय मोडतं (ठाणे / नवी मुंबई)

पारसिक
ठाण्यात कुटुंबांसाठीच्या एका छोट्या विज्ञान दालनात नवी उपकरणं बसवायची आहेत. आतली जागा साधारण १,४०० चौरस फूट, छत ११ फुटांवर, बाहेर ४० × २० फुटांचं मोकळं अंगण. येणारी मुलं ५ ते १४ वर्षांची, सोबत आईवडील आणि आजीआजोबा. गर्दी शनिवार-रविवारी.

यादीत सध्या एवढं आहे : १) लंबकांची लाट (रांगेत टांगलेले, वेगवेगळ्या लांबीचे लंबक एकदम सोडले की लाट दिसते), २) तांब्याच्या नळीतून सावकाश पडणारं चुंबक, ३) हाताने फिरवायचं जनित्र, ४) हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू, ५) कुजबुज तबकड्या (समोरासमोर ठेवलेल्या दोन मोठ्या तबकड्या, एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी ऐकू येतं), ६) अंगणात माणसाच्या सावलीवर चालणारं घड्याळ.

यादीची अट एकच ठेवली आहे. मुलाने हाताने काहीतरी बदललं की परिणाम त्याला तिथल्या तिथे दिसला किंवा जाणवला पाहिजे. बटण दाबल्यावर पडद्यावर चित्रफीत सुरू होणं यात बसत नाही, म्हणून टचस्क्रीन एकही नाही. कृपया नेमकी मापं, कुठला भाग वापरावा आणि काय बिघडतं ते लिहा. तत्त्वं पाठ्यपुस्तकात मिळतात, ही माहिती मिळत नाही.

वागळे_लेथ
लंबकांच्या लाटेपासून सुरुवात करतो, कारण ती दिसायला सर्वांत सोपी आणि जुळवायला सर्वांत किचकट.

१२ लंबक घ्या. ६० सेकंदांत सर्वांत लांब लंबकाचे ३० झोके, पुढच्याचे ३१, असं करत शेवटच्याचे ४१. म्हणजे ६० सेकंदांनी सगळे पुन्हा एका रांगेत येतात. मध्ये ३० सेकंदांना एकाआड एक असे दोन गट समोरासमोर दिसतात, २० सेकंदांना तीन गट. आपल्याकडे g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) ९.७८६ मी/से² धरला तर लांब्या सेंटिमीटरमध्ये अशा : ९९.२, ९२.९, ८७.१, ८१.९, ७७.२, ७२.८, ६८.९, ६५.२, ६१.८, ५८.७, ५५.८, ५३.१.

लांबी म्हणजे टांगणीच्या रेषेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर, दोऱ्याची लांबी नव्हे. प्रत्येक गोळा दोन दोऱ्यांवर इंग्रजी व्ही आकारात टांगा. एका दोऱ्यावर टांगला तर थोड्या वेळात तो गोल फिरू लागतो आणि शेजाऱ्यावर आदळतो. गोळे ३८ मिमीचे स्टीलचे, दोन गोळ्यांमध्ये किमान ८ सेंमी.

दोरा सुती नको आणि साधी नायलॉन तंगूसही नको. दोन्ही ओलाव्याने लांबी बदलतात आणि जून महिन्यात आपल्या हवेत सगळी जुळवणी बिघडते. मासेमारीच्या दुकानात विणलेली पॉलिथिलीनची ब्रेडेड लाइन मिळते, ती घ्या. टांगून आठवडाभर तशीच ताणली जाऊ द्या, मग लांबी लावा.

बारीक जुळवणीसाठी वरच्या पट्टीवर गिटारच्या खुंट्या बसवा. गाठी मारून मिलिमीटर गाठता येत नाही.

गणिताचा_तास
वरच्या प्रतिसादाला दोन गोष्टी जोडतो.

g थोडा चुकला तरी लाट बिघडत नाही. सगळ्या लांब्या एकाच प्रमाणात चुकतात, त्यामुळे नक्षी तीच राहते, फक्त ६० सेकंदांऐवजी ६०.१ लागतात. पण एकाच लंबकाची लांबी चुकली तर तो उठून दिसतो. ९९.२ सेंमीच्या लंबकात १ मिमी चूक असेल तर मिनिटाअखेर तो सुमारे ५ अंशांनी मागेपुढे होतो. ५३.१ सेंमीच्या लंबकात तीच चूक १४ अंशांची होते. म्हणून वेळ आखूड लंबकांवर घालवा.

दुसरं, फळीने सगळे गोळे एकदम ८ सेंमी मागे ओढले की लांब लंबकाचा कोन साडेचार अंशांच्या आसपास होतो आणि आखूड लंबकाचा पावणेनऊ. कोन वाढला की झोक्याचा काळ किंचित वाढतो, साडेचार अंशांना सुमारे ०.०४ टक्के, पावणेनऊला ०.१४ टक्के. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ४१ झोक्यांत हा फरक मिलिमीटरभर लांबीच्या चुकीइतका होतो. तेव्हा सूत्रातली लांबी ही फक्त सुरुवात. पुढे फळी जितकी मागे जाणार तितकीच ओढून, स्टॉपवॉचने ४१ झोके मोजून खुंटी पिळा.

पारसिक
फळी मुलांच्या हातात द्यायची की तरफ ठेवायची?

वागळे_लेथ
तरफ. मुलं फळी सोडत नाहीत, ढकलतात. तरफेने फळी मागे जाऊन शेवटी खटकन खाली पडायला हवी. फळीला वर बिजागरी आणि स्प्रिंग, म्हणजे सुटताना गोळ्यांना धक्का लागत नाही. आणि पुढच्या बाजूला पॉलिकार्बोनेटचा पडदा हवाच. गोळे हाताशी असले की पहिल्या तासात दोरे एकमेकांत गुंततात.

तांबडी_वायर
तांब्याच्या नळीबद्दल. एक मीटर नळीतून साधी वस्तू ०.४५ सेकंदात पडते, चुंबक काही सेकंद घेतं. लोक थांबून बघतात ते या उपकरणापाशीच. पण सुटं निओडिमियम चुंबक मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन घड्या एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटतं. चुंबक कायम बंदिस्तच हवं.

त्यासाठी नळ्या दोन्ही टोकांना बंद करून एका चौकटीत बसवा आणि चौकट मध्यावर १८० अंशांत उलटी करता येईल अशी ठेवा. चौकट उलटली की सगळ्या नळ्यांतले तुकडे एकदम सुटतात.

नळ्या चार घ्या. पहिली तांब्याची, आत चुंबक. दुसरी तांब्याची, आत तेवढ्याच आकाराचा पितळेचा तुकडा. तिसरी पीव्हीसीची, आत चुंबक. चौथी तांब्याची पण उभी चिरलेली, आत चुंबक. नळीच्या भिंतीत गोल फिरणारा प्रवाह चुंबकाला अडवतो. उभ्या चिरेने त्याचा गोल तुटतो आणि चुंबक बरंच लवकर खाली येतं. ही चौथी नळी दहा ओळींच्या माहितीफलकाचं काम करते.

मापं : एसीच्या कामाची तांब्याची नळी, बाहेरून ७/८ इंच, भिंत १ मिमी किंवा जास्त. चुंबक १६ मिमी व्यासाचं, नायलॉनच्या १९ मिमी आवरणात. आवरण ३० मिमी लांब ठेवा, नाहीतर ते आत आडवं होऊन अडकतं. आवरणावर उभ्या चार खाचा आणि नळीच्या बुचांना भोकं पाडा. हे विसरलं तर आत कोंडलेली हवाच तुकड्याला अडवते, पीव्हीसीतही चुंबक सावकाश पडतं आणि तुलनेला अर्थ उरत नाही. बुचाच्या आत फोम लावा, निओडिमियम ठिसूळ असतं. त्याचा निकेलचा मुलामा एकदा फुटला की खाडीकाठच्या हवेत ते गंजून फुगतं.

चौकट लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची. लोखंडी केली तर चुंबक बाजूला खेचलं जाऊन भिंतीला घासतं. नळ्यांमध्ये १५ सेंमी अंतर ठेवा, कारण चुंबकं एकमेकांनाही ओढतात. चुंबक कुठवर आलं ते दिसायला दर १० सेंमीवर ६ मिमीचं भोक पुरतं. बघण्यासाठी लांब खाच पाडली की ती चौथी नळीच झाली.

पेसमेकर असलेल्यांसाठी सूचना मोठ्या अक्षरांत लावा. आजीआजोबा येणार आहेत.

वागळे_लेथ
उलटणाऱ्या चौकटीला एक जोड : चौकट आणि खांब यांच्यात ८ ते २५ मिमीची फट कुठेही ठेवू नका. त्या फटीत मुलाचं बोट शिरतं आणि अडकतं. फट एकतर ८ मिमीच्या आत किंवा २५ च्या वर. हे सगळ्याच फिरत्या उपकरणांना लागू.

ऐरोली_नाका
जनित्रासाठी गाडीची वायपर मोटर वापरावी का? सहज मिळते आणि मजबूत असते.

तांबडी_वायर
नको. वायपर मोटरमध्ये वर्म गियर असतो. मोटर दांडा फिरवते, पण दांडा फिरवून मोटर फिरत नाही. जोर लावला तर दातच तुटतात.

ई-सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रश असलेली डीसी मोटर घ्या, साध्या दातांच्या गियरची, ज्याच्या बाहेरच्या दांड्याचा वेग ३०० आरपीएमच्या आसपास असतो. मुठीच्या बाजूला ४४ दातांचं सायकलचं चाक, मोटरीला ९ दातांचं. मूल मिनिटाला ६० फेऱ्यांनी मूठ फिरवतं तेव्हा मोटर २९० च्या जवळ जाते आणि २४ व्होल्टच्या आसपास मिळतात.

आता यातला गाभा. नुसता दिवा लागणं पुरेसं नाही, दिवा बदलला की हाताला जड लागलं पाहिजे. खटका फिरवून एकदा ३ वॅटचा एलईडी आणि एकदा २१ वॅटचा ट्रकच्या इंडिकेटरचा तारेचा बल्ब जोडा. गियर, साखळी आणि मोटरीतला तोटा धरला तर २१ वॅटसाठी सुमारे ३२ वॅट हाताने द्यावे लागतात. १५ सेंमीच्या मुठीवर हा जोर साडेतीन किलोच्या आसपास येतो. आठ वर्षांचं मूल तो थोडा वेळ पेलतं. ६० वॅटचा बल्ब लावला तर जोर १० किलोवर जातो, मग वडील फिरवतात आणि मूल नुसतं बघतं.

बिघाड ठरलेले आहेत. मुठीला दांड्यावर धरणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला होतो, म्हणून दांड्यात खाच पाडा आणि चावी (मूठ आणि दांडा एकमेकांत अडकवणारी धातूची पट्टी) बसवा. मूठ सोडल्यावर ती जडत्वाने फिरत राहून पुढच्या मुलाच्या मनगटावर बसते, म्हणून मुठीकडच्या चाकात सायकलचं फ्रीव्हील हवं. एलईडी जोडलेला असताना कोणी जोरात फिरवलं की व्होल्टेज ४० च्या पुढे जातं आणि एलईडीचा ड्रायव्हर जळतो. ६० व्होल्टपर्यंत चालणारा डीसी कन्व्हर्टर मध्ये टाका. उलट फिरवण्यापासून फ्रीव्हील वाचवतं, तरी ब्रिज रेक्टिफायर (कसंही फिरवलं तरी विजेची दिशा एकच ठेवणारा भाग) लावा, खर्च नगण्य आहे. साखळी पूर्ण झाका, केस आणि ओढण्या अडकतात.

पारसिक
सविस्तर माहितीबद्दल आभार. तबकड्यांसाठी भंगारात जुन्या मोठ्या सॅटेलाइट डिश मिळतात. चालतील?

गणिताचा_तास
जाळीच्या असतील तर नाही. रेडिओ लहरींना बारीक जाळी अखंड पत्र्यासारखीच, पण आवाज तिच्यातून आरपार जातो. घन फायबरग्लासच्या किंवा पत्र्याच्या हव्यात. घरावरच्या ६० सेंमीच्या डीटीएच डिश लहान पडतात. १,००० हर्ट्झच्या आवाजाची लांबी ३५ सेंमी आणि ३०० हर्ट्झची मीटरभर, तबकडी त्याच्या काही पट मोठी लागते. २.४ मीटर व्यास उत्तम, १.८ च्या खाली जाऊ नका.

नाभी (आवाज जिथे एकवटतो तो बिंदू) शोधायला व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली. २.४ मीटरची तबकडी मध्ये ४० सेंमी खोल असेल तर नाभी ९० सेंमीवर. तिथे १५ सेंमी व्यासाचं लोखंडी कडं पक्कं बसवा आणि ‘कडीजवळ तोंड, मग कडीजवळ कान’ एवढंच लिहा. कडं नसलं तर लोक तबकडीत डोकं घालून ओरडतात. कडीची उंची जमिनीपासून १.१ मीटर ठेवा. पहिलीतल्या मुलाचा कान साधारण मीटरभर उंचीवर येतो, त्याला छोटी पायरी पुरते. मोठ्यांनी वाकावं.

अंगणात ४० फुटांची लांबी आहे, दोन तबकड्यांमध्ये १० मीटर मिळतील. पुरेसं आहे.

वाशीखाडी
तबकड्या बाहेर ठेवणार असाल तर तीन गोष्टी आधीच करा. एक, रंग मॅट आणि खरखरीत. चकचकीत तबकडी ऊन नाभीवर गोळा करते, आणि नाभीवर मुलाचं तोंड असतं. दोन, तोंडं उत्तर-दक्षिण ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ आत येत नाही. तीन, तळाला ६ मिमीची तीन भोकं. पावसाचं पाणी साचलं की डासांची पैदास होते.

स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं नको, बाहेर ३१६ प्रतीचं वापरा. ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर सगळीकडे खाडीची खारी हवा आहे आणि ३०४ वर वर्षभरात तांबूस डाग येतात. आत प्लायवुड आयएस ७१० या मानकाचं. आयएस ३०३ चं साधं प्लाय कडांपासून सुटतं.

पाटी_पेन्सिल
तरंगत्या चेंडूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. अर्धा एचपीचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, ४ इंची पाइप, १२ इंचांचा हलका बीच बॉल. पाइपाचं तोंड तिरकं करता आलं पाहिजे, कारण झोत तिरका झाला तरी चेंडू पडत नाही हे बघण्यातच मौज आहे. हवा आत ओढणारं तोंड खाली आणि ५ मिमी जाळीने बंद. मुख्य अडचण आवाजाची. ब्लोअर रबरी पायांवर, आतून ग्लासवूल लावलेल्या पेटीत ठेवा आणि कुजबुज तबकड्यांपासून शक्य तितका दूर. सतत चालू नको, बटण दाबल्यावर ४५ सेकंद. चेंडूची हवा रोज तपासा. मऊ चेंडू झोतात थरथरतो आणि निसटतो.

फलकाबद्दल आग्रहाने सांगते. आधी ‘काय करा’, मग ‘काय दिसतं’, शेवटी ‘का’. पहिल्या दोन्ही मिळून २५ शब्दांच्या आत. बहुतेक वेळा आई किंवा आजोबा वाचून मुलाला सांगतात, म्हणून वाक्यं मोठ्याने वाचता येतील अशी असावीत. अक्षर हातभर अंतरावरून वाचायला किमान २४ पॉइंट. मूठ आणि खटके ७० ते ७५ सेंमी उंचीवर, आणि एका बाजूने व्हीलचेअर शिरेल एवढी जागा टेबलाखाली मोकळी.

ऐरोली_नाका
फूकोचा लंबक (पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लांब लंबक) का नाही? नव्या संसद भवनातही बसवला आहे.

गणिताचा_तास
११ फुटी छताखाली तो लवकर थांबतो. शिवाय आपल्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला ५ अंशांहूनही किंचित कमी वळते, पूर्ण फेरीला सुमारे ७३ तास. दिल्लीत ५० तास लागतात. मूल दोन मिनिटं थांबतं, त्याला काहीच हललेलं दिसत नाही. या दालनाच्या अटीत तो बसत नाही.

शंकूछाया
सावलीच्या घड्याळासाठी थांबलो होतो. सहांपैकी हे सर्वांत स्वस्त आणि फिरते भाग शून्य. पण कुठल्यातरी युरोपीय शहराची आकृती उतरवून इथे रंगवली तर ते चुकतं. या घड्याळात जमिनीवर लंबवर्तुळावर तासांचे आकडे असतात, मूल तारखेच्या खुणेवर उभं राहतं आणि त्याची सावली वेळ दाखवते. ठाण्याचा अक्षांश १९.२ आहे, लंबवर्तुळ खूप चपटं येतं.

पूर्व-पश्चिम अर्धा अक्ष १.५ मीटर घ्या. उत्तर-दक्षिण अर्धा अक्ष त्याच्या ०.३२९ पट, म्हणजे ४९ सेंमी. मोठं आखायचा मोह टाळा. डिसेंबरात दुपारी १.२ मीटर उंचीच्या मुलाची सावली १.१ मीटर पडते आणि या मापात ती बरोबर आकड्यापर्यंत पोचते. अडीच मीटरचं आखलं तर पोचत नाही.

आकडे घड्याळाच्या वेळेचेच लिहा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, ठाणे ७३ च्या जवळ, म्हणून सूर्य आपल्याकडे सरासरी ३८ मिनिटं उशिरा माथ्याशी येतो. तो फरक धरून केंद्रापासूनची अंतरं सेंटिमीटरमध्ये, आधी पूर्व (+) किंवा पश्चिम (−), मग उत्तरेकडे :

सकाळी ९ : −१२२, २९
१० : −९५, ३८
११ : −६२, ४५
१२ : −२५, ४९
दुपारी १ : +१४, ४९
२ : +५२, ४६
३ : +८७, ४०
४ : +११६, ३१
५ : +१३६, २०

उभं राहायची जागा तारखेनुसार बदलते. केंद्रातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर २१ मार्च आणि २३ सप्टेंबर केंद्रातच, २१ जूनला ६१ सेंमी उत्तरेला, २२ डिसेंबरला ६१ सेंमी दक्षिणेला. २१ मेला ५२ सेंमी उत्तरेला, २१ जानेवारीला तेवढंच दक्षिणेला.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा तारखेची खूण लंबवर्तुळाच्या उत्तर टोकावरच पडते. मूल त्या टोकावर उभं असतं आणि माध्यान्हाला त्याची सावली पायाखाली नाहीशी होते. जूनमध्ये मूल लंबवर्तुळाच्या बाहेर, उत्तरेला उभं राहतं आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला हे कधीच दिसत नाही. त्या टोकाला वेगळ्या रंगाचा दगड बसवा आणि शून्य सावलीची खूण करा. जुलैतला दिवस बहुधा ढगात जातो, मेमधला मिळतो.

पाटी_पेन्सिल
घड्याळ आणि मोबाइल यांच्यात फरक दिसला की पालक ‘चुकलंय’ म्हणून निघून जातात. त्याचं काय?

शंकूछाया
फरक राहणारच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळी आणि अक्ष कललेला, त्यामुळे ११ फेब्रुवारीच्या आसपास सावली १४ मिनिटं मागे असते आणि ३ नोव्हेंबरच्या आसपास १६ मिनिटं पुढे. बाजूला बारा महिन्यांची छोटी सारणी लावा : ‘सावलीच्या वेळेत एवढी मिनिटं मिळवा किंवा वजा करा’. मुलांना ते गणित आवडतं आणि उत्तर मोबाइलशी जुळलं की पालकही थांबतात.

पारसिक
उत्तर दिशा कशी पक्की करायची? मोबाइलचं होकायंत्र अंगणातल्या ग्रिलजवळ भरकटतं.

शंकूछाया
होकायंत्र नको, शंकू (सावली पाडणारी सरळ उभी काठी) वापरा. जमीन आधी पाणपातळीने सपाट करून घ्या. मीटरभराची काठी ओळंब्याने सरळ उभी करा, तिच्याभोवती १.२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिचा लंबदुभाजक उत्तर-दक्षिण. हे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करा. आकाश स्वच्छ असतं आणि सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर) दिवसभरात जवळजवळ बदलत नाही. पडताळा घ्यायला २५ डिसेंबर सोयीचा, त्या दिवशी १२ वाजून ३८ मिनिटांनी सावली नेमकी उत्तरेला असते.

रंगवू नका, एका पावसात आणि हजार पावलांत रंग जातो. कोटा फरशीत आकडे कोरून त्यात रंगीत इपॉक्सी भरा. फरशी पॉलिशची नको, ओली झाली की तिच्यावर मुलं घसरतात. खरखरीत, लेदर फिनिशची घ्या.

वाशीखाडी
आत कुठे ॲक्रिलिकचे पडदे लावणार असाल तर त्यांबद्दल एक राहिलं. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने ॲक्रिलिक पुसायला कर्मचाऱ्यांना सक्त मनाई करा, त्याने बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठं पाडा, खाली रबरी वॉशर. घट्ट भोकातलं ॲक्रिलिक उन्हाळ्यात फुगतं आणि भोकापासूनच चिरतं.

वागळे_लेथ
बाहेरून दिसणारे सगळे स्क्रू मध्ये पिन असलेल्या टॉर्क्सचे (साध्या पेचकसाने न उघडणारे) आणि आतले नट नायलॉकचे (सहज ढिले न होणारे). प्रत्येक उपकरणाचे झिजणारे भाग आधीच दुप्पट घेऊन ठेवा : ब्रेडेड लाइनचं एक रीळ, चार खुंट्या, दोन फ्रीव्हील, दहा २४ व्होल्टचे बल्ब, तीन चेंडू, आवरणासकट एक चुंबक. ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी शनिवारी लागते ती बहुतेक वेळा शंभर रुपयांच्या भागासाठी.

बाहेरचं काम आधी सावलीचं घड्याळ, मग तबकड्या. पण फरशी बसवल्यानंतर तबकड्यांचे पाये खणले तर पातळी बिघडेल का, हे कंत्राटदाराला विचारून घ्या. पाये २ फूट खोल जाणार असतील तर क्रम उलटा करा.

पारसिक
पाये अडीच फूट आहेत. मग तबकड्यांचे पाये नोव्हेंबरात, शंकूची रेषा डिसेंबरअखेर, फरशी जानेवारीत. लंबकांची पट्टी कापायला या आठवड्यात देतो. खुंट्या २४ लागतील ना, व्हीच्या दोन्ही टोकांना?

वागळे_लेथ
१२ पुरतात. दोरा एकच, गोळ्याच्या हुकातून ओवलेला. एक टोक पक्कं, दुसरं खुंटीवर. जुळवणी झाली की हुकापाशी सायनोॲक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, नाहीतर गोळा दोऱ्यावर सरकतो.